कडक बाण आणि जड बाण: शाफ्टवरचा आकडा कशाचा?

नंदुरबार, शहादा, धुळे, जळगाव इकडे आता मुलांच्या हातात रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेली) आणि कंपाउंड (टोकांना चाकं असलेली) धनुष्यं दिसू लागली आहेत. पहिल्यांदा बाण घेणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पाचशेचा जड, की सातशेचा?" दोन्हींपैकी कोणताही नाही. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांडीवर, छापलेला तो आकडा वजनाचा नसून कडकपणाचा असतो. तिरंदाज त्याला स्पाइन म्हणतात.

घोटाळा व्हायला कारणही आहे. बाणाचं वजन ग्रेनमध्ये (एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन) मोजतात आणि तयार बाण बऱ्याचदा ३०० ते ५०० ग्रेनच्या दरम्यान भरतो. म्हणजे ४०० किंवा ५०० हा आकडा वजनाचा म्हणूनही सहज खपून जातो. प्रत्यक्षात तो असा काढतात: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट आडवा ठेवायचा आणि मधोमध १.९४ पाउंडाचं, म्हणजे साधारण ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं. शाफ्ट अर्धा इंच झुकला तर स्पाइन ५००, ०.७ इंच झुकला तर ७००. आकडा जितका मोठा, तितका शाफ्ट नरम. हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कडक म्हणजे जड नव्हे, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. हिरवी पऱ्हाटी हाताला जड लागते आणि वाकते. तीच वाळली की हलकी होते, पण ताठ राहते. कार्बनच्या शाफ्टचंही तसंच आहे. एकाच ५०० स्पाइनमध्ये इंचाला ६ ग्रेनचा शाफ्ट मिळतो आणि ८ ग्रेनचाही.

कडकपणाला इतकं महत्त्व का, हे बाण सुटतो त्या क्षणात आहे. उजव्या हाताच्या मुलानं बोटांनी दोरी सोडली की ती सरळ पुढं जात नाही, बोटांवरून घसरताना जराशी डावीकडं ढकलली जाते. मागून दोरीचा जोर आणि पुढं पॉइंटचं, म्हणजे बाणाच्या टोकाचं, वजन अडून बसलेलं, त्यामुळं मधला शाफ्ट वाकतो. वाकत, डोलत तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि मग निशाण्याच्या दिशेला लागतो. बेल लॅबोरेटरीजमधले भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे चित्रित करून दाखवलं. शाफ्ट गरजेपेक्षा कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि बाण डावीकडं जातो. फार नरम असेल तर उजवीकडं जातो. डावखुऱ्या मुलाचं याच्या उलट.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे: आधी कडकपणा जुळवा, वजनाचं नंतर बघा. मुलाचे बाण सतत एकाच बाजूला पडत असतील तर आपण त्याच्या हाताला दोष देतो, कोपर वर घे, खांदा खाली घे म्हणतो. पोरगं बिचारं महिनोन्‌महिने तंत्र बदलत राहतं आणि दोष मात्र शाफ्टमध्ये असतो. तपासणी सोपी आहे. १८ मीटरवरून पिसं लावलेले चार-पाच बाण मारायचे, मग पिसं नसलेले एक-दोन. उजव्या हाताच्या रिकर्व्हवाल्याचा बिनपिसांचा बाण इतरांच्या डावीकडं पडला तर शाफ्ट कडक, उजवीकडं पडला तर नरम. नवशिक्या मुलाचे बाण अजून एका जागी पडतच नसतील तर थोडं थांबावं. कंपाउंडला दोरी बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या खटक्याच्या साधनानं सोडतात, तिथं बाजूचा डोल फार कमी असतो आणि हा नियम तितका विश्वासाचा राहत नाही.

आता वजन. हिशोब साधा आहे. इंचाला ७ ग्रेनचा शाफ्ट २९ इंच घेतला तर २०३ ग्रेन. पॉइंट ११०. नॉक (दोरीत अडकवायची मागची खाच) आणि पिसं मिळून समजा २०. एकूण ३३३ ग्रेन, म्हणजे साधारण साडेएकवीस ग्रॅम. हलका बाण वेगानं जातो आणि त्याचा मार्ग सपाट राहतो. जड बाण सावकाश जातो, पण धनुष्याचा जोर जास्त प्रमाणात स्वतःत घेतो आणि आवाज कमी होतो. वेगाच्या मोहात फार हलका बाण घेणं मात्र धोक्याचं आहे. बाणानं न घेतलेला जोर धनुष्याच्या पात्यांवर, म्हणजे वाकणाऱ्या बाहूंवर, उलटतो आणि पाती तडकू शकतात. धनुष्याच्या ताणाच्या दर पाउंडामागं किमान ५ ग्रेन हा सर्वसाधारण हिशोब धरा: ४० पाउंडाच्या धनुष्याला २०० ग्रेनच्या खालचा बाण नको.

दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात त्या पॉइंटपाशी. १०० ग्रेनच्या जागी १२० ग्रेनचा पॉइंट लावला तर बाण २० ग्रेननं जड झाला, हे कुणालाही दिसतं. पण पुढचा भार वाढल्यामुळं तोच शाफ्ट सुटताना जास्त वाकतो, म्हणजे नरम असल्यासारखा वागतो. छापलेला ५०० तसाच राहतो, वागणं बदलतं. लांबीचंही तसंच: लांब शाफ्ट नरम वागतो, कापला की कडक. धनुष्याचे पाउंड वाढवले की पुन्हा नरम.

परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून काही मुलं ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पात्यांचा पॉइंट, मागवू बघतात. वजन तेच १०० ग्रेन, मग फरक काय, असं त्यांना वाटतं. फरक पात्यांचा. पुढची पाती हवेत सुकाणूसारखी काम करतात आणि स्पाइन जराही चुकलेला असला की बाण भरकटतो. म्हणून तिकडचे शिकारी स्पाइन फार काटेकोर जुळवतात आणि मोठ्या जनावरासाठी बाणही जड ठेवतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आपल्याच खान्देशात आहेत. सरावाच्या मैदानावर ब्रॉडहेड निशाण्याचा गठ्ठा फाडतो आणि बाण उपसणाऱ्याचा हात कापतो. तो मागवूच नका.

आकड्यांचे आणखी दोन प्रकार भेटतील. ॲल्युमिनियमच्या शाफ्टवर १८१६ असं काही असतं. त्यात पहिले दोन अंक जाडीचे, १८/६४ इंच, आणि पुढचे दोन भिंतीचे, इंचाचे १६ हजारांश. यात वजनही थेट नाही आणि कडकपणाही नाही.

लाकडी आणि बांबूच्या काड्या, त्या ज्या धनुष्याला चालतात त्याच्या पाउंडात विकतात, ४०-४५ वगैरे, आणि तिथं मोठा आकडा म्हणजे जास्त कडक. कार्बनच्या बरोबर उलटं. इंडियन राउंड या बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धाप्रकारासाठी बांबूचे बाण घेणाऱ्या सातपुड्यातल्या मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. बांबूची प्रत्येक काडी वेगळी असते, म्हणून आकड्यावर न विसंबता काड्या हातानं वाकवून सारख्या सारख्या निवडाव्या लागतात. पूर्वापार तीरकामठा वापरणाऱ्या भिल्ल आणि पावरा घरांतल्या मोठ्यांना या कामाला बसवा, त्यांच्या बोटांची पारख मोलाची आहे. पावसाळ्यात बांबू ओल धरतो, जड होतो आणि नरमही पडतो. उन्हाळ्यात जुळवलेले बाण श्रावणात पुन्हा तपासावेत.

वाढत्या मुलासाठी एकच सल्ला देईन. कार्बन शाफ्ट घेताना तो आत्ताच्या मापाला कापून घेऊ नका, दीड-दोन इंच लांब ठेवा. वर्षभरात मूल जास्त पाउंड ओढू लागेल आणि बाण नरम वागू लागेल, तेव्हा अर्धा-अर्धा इंच कापत कडकपणा परत आणता येतो, नवा संच लागत नाही. मात्र त्या काळात त्याचे हातही लांबलेले असतात. म्हणून कापण्याआधी मुलाला पूर्ण ताण घ्यायला लावून खूण करा. कापल्यावरही, पूर्ण ओढलेल्या बाणाचं टोक रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, पुढं किमान एक इंच राहणार नसेल तर कापू नका, हलका पॉइंट लावून बघा.