अफूने हिवताप जातो, हे ठरवलं कोणी?

पावसाळा लागला की नाशिकमध्ये घरोघरी तापाच्या गोष्टी निघतात, आणि एखादे आजोबा ठासून सांगतात, "आमच्या वेळी अफूची बारीक गोळी दिली की हिवताप पळायचा!" या समजुतीला एकेकाळी सरकारी अहवालाचा आधार मिळाला होता.

1891 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने भारतातल्या अफूच्या उत्पन्नाला अनैतिक ठरवलं. पण चीनला जाणाऱ्या अफूवर इथल्या तिजोरीची मोठी भिस्त होती. म्हणून अफूच्या प्रश्नाची चौकशी करायला 1893 मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याने 700हून अधिक साक्षी घेतल्या आणि 1895 मध्ये निर्वाळा दिला की, बेताने घेतलेली अफू अपायकारक नाही. आयोगाचे वैद्यकीय सदस्य सर विल्यम रॉबर्ट्स यांचं म्हणणं, भारतीय अफूतलं नार्कोटिन नावाचं द्रव्य हिवतापाला रोखत असावं. रॉबर्ट्स काही भोंदू नव्हते. बुरशीजवळ जिवाणू नीट वाढत नाहीत, हे त्यांनी 1874 मध्येच नोंदवलं होतं.

मग चूक कुठे झाली? हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, हिमोग्लोबिन खातो, वाढतो. नेहमीच्या व्हायव्हॅक्स प्रकारात साधारण 48 तासांनी असंख्य पेशी एकदम फुटतात. आधी हुडहुडी, मग फणफणता ताप, मग दरदरून घाम, आणि ताप आपोआप उतरतो. नेमकी त्या वेळी गोळी पोटात असेल, तर श्रेय गोळीला! शिवाय अफूतलं मॉर्फिन मेंदूतल्या आणि आतड्यातल्या ग्राहींना (पेशींवरच्या खास जागांना) चिकटतं. अंगदुखी, खोकला, जुलाब दबतात आणि माणसाला बरं वाटतं. रक्तातला परजीवी मात्र जसाच्या तसा. हिवतापावरचं औषध असलेल्या क्विनीनचं काम वेगळं. हिमोग्लोबिन पचवताना सुटणारं हीम हे द्रव्य परजीवीला विषारी असतं. तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकतो. क्विनीन बहुधा तेच अडवतं आणि परजीवी स्वतःच्याच जेवणाने मरतो.

"मला गुण आला" एवढ्यावर आजही मोबाइलवरून काढे खपतात. गुण आला म्हणून रोग गेला, असं होत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन पाहावंच लागतं. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना तर हा परजीवी 1880 मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता.

आयोगातल्या हेन्री विल्सन यांनी वेगळं मत नोंदवलं, पण निर्णय बहुमताचा ठरला. आणि क्विनीन सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. आयोग नेमण्याच्या आदल्याच वर्षी, 1892 मध्ये, बंगालच्या टपाल कचेऱ्यांत क्विनीनच्या पुड्या सरकारच विकू लागलं होतं.