बिअर्डेड ड्रॅगनची पिल्ले : ऊब आणि उजेड

बिअर्डेड ड्रॅगन (शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स) हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रखरखीत प्रदेशाचा सरडा. डिवचला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, तीच त्याची दाढी. ऑस्ट्रेलियाने वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात १९६० च्या दशकातच बंद केली. जगभर पाळले जातात ते पिंजऱ्यात पैदास झालेले. अंड्यातून निघालेले पिल्लू शेपटीसह जेमतेम १० सेंमी लांब आणि दोन-तीन ग्रॅम वजनाचे असते. एवढासा देह झटकन तापतो, झटकन निवतो आणि तितक्याच झटकन सुकतो. मोठ्या सरड्याला खपून जाणारी चूक पिल्लाच्या जिवावर बेतते.

मोकळ्या रानात ऊब आणि अतिनील किरणे एकाच सूर्याकडून मिळतात. पिंजऱ्यात हे काम दोन दिव्यांत वाटले जाते आणि बहुतेक चुकांचे मूळ या वाटणीत असते. अतिनील-बी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरणांमुळे कातडीत ‘ड’ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, पण त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर होण्यासाठी शरीर उबदार असावे लागते. म्हणून अतिनील किरणे देणारी नळी एका कोपऱ्यात आणि शेकण्याचा दिवा दुसऱ्या कोपऱ्यात ही मांडणी निरुपयोगी. दोन्हींचा झोत एकाच दगडावर पडायला हवा. ‘ड’ कमी पडले की कॅल्शियम शोषले जात नाही, जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात. हा सरड्यांचा मुडदूसच. वाढ भरात असते तेव्हा, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, तो फार वेगाने बळावतो.

शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि पिंजऱ्याचे दुसरे टोक २५ ते २८ अंश ठेवतात. या दोहोंमधला उतार सर्वांत महत्त्वाचा, कारण किती तापायचे हे पिल्लू स्वतः ठरवते. सगळा पिंजरा ३५ अंशांवर ठेवला तर सरासरी ठीक दिसेल, पण पिल्लाला पळायला जागा उरणार नाही. काचेला चिकटवायच्या पट्टीच्या तापमापकावर विसंबू नये. तो काचेचे तापमान सांगतो, दगडाचे नव्हे. पिल्लू जिथे पोट टेकते तिथे प्रोब (तारेच्या टोकाला संवेदक असलेला तापमापक) किंवा इन्फ्रारेड तापमापक लावावा. दिव्याला थर्मोस्टॅट (तापमान आपोआप आवरणारे यंत्र), चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळी हवीच. दुकानात मिळणारे विजेचे ‘तापते दगड’ मात्र टाळावेत. चटका बसत असतानाही सरडा त्यांवरून उठेलच असे नाही, आणि पोट भाजते.

अतिनील किरणांसाठी लांब टी-५ (बारीक व्यासाची फ्लुरोसंट) नळी चांगली. शेकण्याच्या जागी अतिनील निर्देशांक (या किरणांच्या तीव्रतेचे माप) ३ ते ४ राहील एवढे अंतर राखतात. काच अतिनील-बी किरणे जवळजवळ पूर्ण अडवते, बारीक जाळीही बरीच खाते. त्यामुळे खिडकीच्या काचेतून येणाऱ्या कवडशाचा या कामी उपयोग नाही. नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिची अतिनील शक्ती हळूहळू घटते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलतात. दिवे १२ ते १४ तास चालू ठेवून रात्री पूर्ण अंधार करावा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल बल्ब नकोत, सरड्यांना लाल रंग दिसतो. खोली २० अंशांच्या बरीच खाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा.

पाळणूकविषयक बहुतेक माहितीपत्रके थंड देशांत लिहिलेली असतात. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली, तर तिथे प्रश्न ऊब देण्याचा नसून थंड टोक कुठून आणायचे हा असतो. अशा दिवसांत शेकण्याचा दिवा बंद करून खोली थंड करावी, अतिनील नळी मात्र चालूच ठेवावी.