मैफल-दौऱ्याचा माहितीपट

नामवंत गायक वा गायिकेच्या सलग कार्यक्रमांसोबत प्रवास करून, मंचावरचे गाणे आणि मंचाबाहेरचे दिवस एकत्र गुंफणारा चित्रपट म्हणजे मैफल-दौऱ्याचा माहितीपट. निव्वळ मैफलीच्या चित्रमुद्रणात कॅमेरा पडदा उघडल्यावर सुरू होतो आणि पडल्यावर थांबतो. इथे प्रवास, मुक्काम, ध्वनिचाचणी, ग्रीनरूममधली तानपुऱ्यांची जुळवणी हाही चित्रपटाचा ऐवज असतो.

हा प्रकार १९६० च्या दशकात अमेरिकेत रुजला. खांद्यावर पेलता येणारा १६ मिमी कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखणारे सुटसुटीत ध्वनिमुद्रण यंत्र मिळाल्यावर दोन-तीन माणसांचे पथकही कलाकाराच्या मागे कुठेही जाऊ लागले. अमेरिकन गायक बॉब डिलनच्या १९६५ मधील इंग्लंड दौऱ्यावर डी. ए. पेनेबेकर यांनी केलेला चित्रपट १९६७ मध्ये आला. त्यात निवेदक नाही. याउलट २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेली ‘द बँड’ या रॉक गटाची निरोपाची मैफल मार्टिन स्कोर्सेसी यांनी ३५ मिमीवर टिपली, तेव्हा कोणत्या ओळीला कोणता कॅमेरा कुठे वळणार हे आधी लिहून ठेवले होते.

ख्यालगायनात, म्हणजे राग तिथल्या तिथे फुलवत नेणाऱ्या शास्त्रीय गायनात, असे लिहून ठेवता येत नाही. पुढची तान कुठून उठेल हे तबलजीलाही आधी ठाऊक नसते. म्हणून असा चित्रपट करायचा तर कॅमेऱ्यामागचा माणूस गाणे ऐकणारा हवा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गायिकेची नजर तबलजीकडे वळते, तो क्षण भिंग जुळवण्यात गेला तर परत मिळत नाही.

गोव्याला या विषयात वेगळे स्थान आहे. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. यांची कीर्ती घडली ती मुंबई-महाराष्ट्रात. त्यामुळे गोमंतकीय गायकाच्या दौऱ्यात गोव्याचा मुक्काम घरी परतण्याचा असतो. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती आणि देवळाचे अवशेष वर येतात.

मुक्काम बहुधा दोन प्रकारचे. एक नाट्यगृहाचा: पणजीची कला अकादमी, मडगावचे रवींद्र भवन, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी रचलेल्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर प्रेक्षागृहात मारिओ मिरांडांनी भिंतींवर प्रेक्षक रंगवले होते. दुसरा मुक्काम देवळाचा. सभामंडपातली गायनसेवा देवासाठी असते, तिथे उभा प्रखर दिवा किंवा गाभाऱ्यासमोरून फिरणारा कॅमेरामन खपत नाही, आणि खपू नये. देवस्थानच्या महाजनांची (देवळाच्या कारभारात हक्क असलेल्या कुळांची) परवानगी, जमिनीलगतचे आसन आणि समईच्या उजेडात चालणारी भिंगे एवढ्यावर भागवावे लागते.

खरी कसोटी ध्वनीची. प्रेक्षागृहात ऐकू येणारे मिश्रण चित्रपटाला पुरत नाही. गळा, तानपुरे, तबला, हार्मोनियम यांच्या वेगळ्या वाहिन्या ध्वनिमिश्रणाच्या कन्सोलवरून घ्याव्या लागतात. श्रोत्यांसाठी आणखी दोन माइक हवेतच, नाहीतर दाद बंद खोलीतून आल्यासारखी वाटते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंचापासून ३५ मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकला तो सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात ही अडीच चौकटींची तफावत, म्हणजे ओठ आणि सूर यांची फारकत. म्हणून सगळ्या यंत्रांना एकच टाइमकोड, म्हणजे चौकटीगणिक नोंदली जाणारी वेळेची खूण, देतात, किंवा निदान सगळ्या यंत्रांवर उमटेल अशी टाळी तरी वाजवतात. दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने, शटर सेकंदाच्या १/५० वर ठेवतात.

पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. तो पिशवीतच अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेला मुरू द्यावा लागतो. दमटपणाने तानपुऱ्याच्या ताराही सुरातून हलतात. ही पुन्हा पुन्हा होणारी जुळवणी अनेक दिग्दर्शक गाळतात. माझ्या मते तीच ठेवावी: गायकाचा कान कसा काम करतो हे तिथे दिसते.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे उत्तररात्रीचे राग टिपायला बंदिस्त सभागृह किंवा ध्वनिवर्धकाविना घरगुती बैठक हाच मार्ग. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क आला. त्यामुळे लेखी संमती गायकापुरती घेऊन भागत नाही; तबलजी, हार्मोनियमवाले आणि तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्या यांचीही घ्यावी.

संकलनात विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सर्वांत अवघड. एकतालाच्या १२ मात्रांचे आवर्तन अतिविलंबित लयीत मिनिटभर चालते. मध्येच कापले तर समेचा अर्थच जातो, आणि पूर्ण ठेवण्यासाठी संकलकाला धीर लागतो. सेकंदाला १०० मेगाबिट दराने चार कॅमेऱ्यांवर तीन तासांची मैफल टिपली तर सुमारे ५४० गिगाबाइट साठा होतो. त्यातली दहा मिनिटे चित्रपटात जातात.

उरलेले न पुसता दोन प्रतींत, दोन ठिकाणी ठेवावे, असा आग्रह धरायला हवा. चित्रपटात न मावलेली संपूर्ण बंदिश शिष्यांच्या उपयोगाची असते. केसरबाईंची ध्वनिमुद्रणे मोजकीच आहेत. त्यांतली भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेली.