किती किलोवॅट बसवायचे? आधी बारा महिन्यांचे युनिट काढा
घरावर सोलर बसवू पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दोन एसी, फ्रिज, गिझर आणि पाण्याची मोटर आहे. किती किलोवॅट लागेल?" आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर आम्ही फोनवर देत नाही. घरात कोणती उपकरणे आहेत यावरून सोलरचा आकार निघत नाही, ती किती वेळ चालतात यावरून निघतो. दोन किलोवॅटचा गिझर रोज पंधरा मिनिटे लावला तर अर्धा युनिट जातो. त्याच्यापुढे किरकोळ वाटणारा फ्रिज दिवसाला एक-दीड युनिट सहज घेतो. ही सगळी बेरीज तुमच्या मीटरने आधीच करून ठेवलेली आहे. ती उतरवून घ्यायची, एवढेच काम.

बिलाची रक्कम नको, युनिट हवे

बहुतेक जण एकाच बिलाचा फोटो पाठवतात, आणि तोही ज्या महिन्याचे बिल बघून धक्का बसला त्या महिन्याचा. सगळा घोळ इथे सुरू होतो. समजा कडक उन्हाळ्यात ४८० युनिट आले, पण वर्षाची सरासरी ३०० आहे. ४८० धरून आखणी केली तर गरजेपेक्षा ६० टक्के मोठी सिस्टिम गळ्यात पडते. थंडीतले बिल धरले तर उलटे होते.

रकमेवरून तर काहीच कळत नाही. तिच्यात स्थिर आकार, कर, मागची थकबाकी असे सगळे मिसळलेले असते. शिवाय वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागत असेल, तर रक्कम दुप्पट झाली म्हणून युनिट दुप्पट झाले असे नसते.

म्हणून लागोपाठच्या बारा महिन्यांचे युनिट हवेत. दोन महिन्यांनी एकदा बिल येत असेल तर सहा बिले पुरतात. जुनी बिले सापडत नसतील तर बहुतेक बिलांवर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता किंवा आलेख असतो, तो चालेल. घर बंद असल्याने सरासरीवर बिल आले असेल तर तीन-चार महिने सारखेच आकडे दिसतात आणि मग एकदम उडी येते. अशा वेळी महिन्यांच्या नादी न लागता आजचे रीडिंग वजा वर्षापूर्वीचे रीडिंग करा, वर्षाचा वापर हातात येतो. मात्र मधल्या काळात मीटर बदलला असेल तर दोन्ही मीटरचे वेगवेगळे काढून बेरीज करावी लागते.

बारा महिन्यांचे आकडे मिळेपर्यंत आम्ही कोटेशन देत नाही, याचा काहींना राग येतो. "बाकीचे पाच मिनिटांत सांगतात," असेही ऐकवले जाते. सांगता येते, नाही असे नाही. पण किलोवॅटचा आकडा बदलला की पॅनलची मांडणी, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारे यंत्र), केबलची जाडी, स्ट्रक्चर (पॅनल बसवायचा सांगाडा) आणि जोडणीचा अर्ज, सगळे पुन्हा करावे लागते. तुमचा सर्वांत जास्त वेळ या फेऱ्यांत जातो. प्रत्यक्ष बसवायला त्याच्या मानाने फार दिवस लागत नाहीत.

हिशोब असा

वर्षाला ३,६०० युनिट लागतात असे धरू. भागिले ३६५, म्हणजे रोज साधारण ९.९ युनिट. आता तुमच्या गावाचे ऊन. सूर्य दहा-बारा तास दिसला तरी सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे असते. दिवसभराचे सगळे ऊन भर दुपारच्या, म्हणजे चौरस मीटरला १,००० वॅटच्या उन्हात मोजले तर जितके तास भरतील तितके धरायचे. भरपूर उन्हाच्या प्रदेशात वर्षाची सरासरी ५ तासांच्या आसपास येते, ढगाळ प्रदेशात ३ पर्यंत उतरते. अशा एका तासात एक किलोवॅटची पॅनल एक युनिट देतात, म्हणून ५ धरले तर ९.९ भागिले ५, म्हणजे १.९८ किलोवॅट. पॅनलपासून घरातल्या बोर्डापर्यंत येताना साधारण पाव भाग वाया जातो, म्हणून त्याला ०.७५ ने भागायचे: २.६४ किलोवॅट. ५५० वॅटची पाच पॅनल, म्हणजे २.७५ किलोवॅट. झाले.

हा पाव भाग जातो कुठे? सर्वांत मोठा वाटा उष्णतेचा. पॅनलवर छापलेले ५५० वॅट हे सेलचे (पॅनलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे) तापमान २५ अंश असतानाचे असतात. छतावर भर दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि नेहमीच्या मोनो (एकस्फटिक सिलिकॉनच्या) पॅनलची ताकद अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घटते. चाळीस अंशांचे १४ टक्के झाले. म्हणून भाजून काढणाऱ्या दिवशी सोलरचा मीटर अपेक्षेएवढा पळत नाही, आणि थंड पण स्वच्छ उन्हाच्या दिवशी तोच जोरात असतो. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवले की खालून वारा खेळत नाही आणि ही घट वाढते. आम्ही खाली मोकळी जागा सोडणारे स्ट्रक्चर लावतो. त्याला लोखंड जास्त लागते, कोटेशनमध्ये ते दिसते आणि त्यावर घासाघीसही होते, पण ते आम्ही कमी करत नाही. बाकीची गळती धूळ, केबल आणि इन्व्हर्टर यांची.

पॅनल जुने होतील म्हणून आणखी वाढवून घ्यावे का? पहिल्या वर्षी साधारण २ टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा टक्का एवढीच घट धरतात. वरच्या पूर्ण पॅनलपर्यंत आकडा नेला की पुष्कळ झाले.

छत किती देते

५५० वॅटचे एक पॅनल सुमारे २.२८ बाय १.१३ मीटर असते. पाचांचे मिळून १३ चौरस मीटर. पण सपाट गच्चीवर दोन रांगांतले अंतर आणि धुवायला जायची वाट धरून किलोवॅटला ८ ते १० चौरस मीटर लागतात. गच्चीचे एकूण माप सांगू नका. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि त्यांची सावली वजा करून उरेल ते सांगा.

सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत सावली नको, आणि ती हिवाळ्यात बघायची. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना एक मीटर उंच कठड्याची सावली पावणेदोन मीटर लांब पडते. उन्हाळ्यात फोटो काढून "सावली अजिबात नाही" असे कळवलेल्या गच्च्यांवर हिवाळ्यात दोन-दोन पॅनल झाकलेली आढळतात. टाकीच्या पाइपची बारीक सावलीही हलकी समजू नका. पॅनलमधल्या सेलचे सहसा तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, म्हणजे झाकलेला गट वगळून वीज पुढे नेणारा भाग, असतो. एका गटातले सेल झाकले गेले की त्या पॅनलची एक तृतीयांश ताकद बसते. त्यामुळे सावलीतले सहावे पॅनल घेऊ नका, असे आम्हीच सांगतो.

रात्रीचा वापर आणि बॅटरी

वरचा हिशोब वीजपुरवठादार तुमचे दिवसाचे जादा युनिट घेऊन तुमच्या बाकीच्या वापरातून पूर्ण वजा करतो असे धरून आहे. तसे नसेल किंवा त्याचा मोबदला फार कमी असेल, तर फक्त दिवसाचा वापर मोजायचा. आठवडाभर सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता मीटरचे रीडिंग लिहून ठेवा. ९.९ पैकी चारच युनिट दिवसा जात असतील तर पाच पॅनल हवीतच असे नाही.

बॅटरीशिवायची, ग्रिडला (वीजपुरवठादाराच्या तारांना) जोडलेली सिस्टिम लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. हा बिघाड नव्हे. बाहेरच्या तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो.

बॅटरी हवी असेल तर मात्र उपकरणांची यादी खरोखर लागते, कारण एका वेळी काय-काय चालणार यावर इन्व्हर्टरचा आकार ठरतो. रात्रीला ४ युनिट हवे असतील तर इन्व्हर्टरची गळती धरून लिथियम आयर्न फॉस्फेटची ५ किलोवॅट-तासांची (म्हणजे ५ युनिटची) बॅटरी पुरते. लेड-ॲसिड अर्धीच वापरायची असते, त्यामुळे तिथे ९ किलोवॅट-तास लागतात: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या कमी पडतात (७.२ किलोवॅट-तास), २०० च्या चार जेमतेम पुरतात (९.६). पाण्याची मोटर यात धरू नका. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट करंट ओढते, आणि तेवढ्यासाठी इन्व्हर्टर उगाच मोठा घ्यावा लागतो.

पुढे इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर आत्ताच सांगा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण १५० युनिट लागतात, म्हणजे वरच्या घराचा वापर दीडपट झाला. "कधीतरी घेऊ" यासाठी मात्र पॅनल वाढवू नका. इन्व्हर्टर एक पायरी वरचा घेऊन गच्चीवर जागा राखून ठेवली तरी चालते.

दुसरे कोटेशन आले असेल तर

ते जरूर घेऊन या, शेजारी ठेवून बघू. "३ किलोवॅट सिस्टिम" असे लिहिलेले असेल तर आधी पॅनलच्या वॅटची बेरीज करा. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर ३.३ किलोवॅटची पॅनल लावणे ही सर्रास आणि योग्य पद्धत आहे, कारण पॅनल छापील ताकद क्वचितच देतात. पण त्याच इन्व्हर्टरवर ५५० ची चारच पॅनल असतील तर ती सिस्टिम २.२ किलोवॅटची आहे, आणि दर विचारायचा तो २.२ चा. वर्षाला किती युनिट मिळतील हा आकडा लेखी मागा. आम्ही तो पहिल्याच पानावर महिनावार देतो, तुमच्या बारा महिन्यांच्या वापराशेजारी.