सेटमधलं इंजिन की बजेट श्रेणीतलं सुटं इंजिन: चाकं मोजा, पण दोनदा

मॉडेल रेल्वेच्या सेटसोबत येणारं इंजिन सगळ्यांच्या ओळखीचं असतं. पूर्ण वेगात झकास पळतं, वेग कमी केला की आचके देतं आणि सांध्यावर (जिथे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे) येऊन बसकण मारतं. मग बोटाने ढकला. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही. घोळ होतो तो मॉडेल कंपनीच्या बजेट श्रेणीतलं सुटं इंजिन घेताना. कवच तसंच, कठडे तसेच साच्यात ओतलेले, म्हणून लोक वजन आणि रंगकाम बघून भाव ठरवतात आणि वर म्हणतात, "आठ चाकी आहे, आठही चाकं फिरतात." ढकलल्यावर डब्याचीही फिरतात!

चाकांची कामं दोन: गाडी ओढणं आणि रुळातून वीज घेणं. एक चाक दोन्ही करेलच असं नाही. जुन्या धाटणीच्या स्वस्त डिझेल इंजिनात चपटी मोटर एकाच बोगीत (म्हणजे खालच्या चारचाकी संचात, डब्यात नव्हे) बसवलेली असते. ओढतात ती तेवढीच चार चाकं, आणि त्यांतल्या एकदोन चाकांवर रबरी कडं. रबराने पकड वाढते, पण ते चाक वीज घेईनासं होतं. अशा रचनेत बहुतेक वेळा एक बोगी एका रुळातून वीज घेते आणि दुसरी बोगी दुसऱ्या रुळातून. एका रुळाला चाकं दोनच. एक सांध्याच्या प्लास्टिक फ्रॉगवर (रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर) आणि दुसरं धुळीवर आलं की इंजिन ठप्प. चांगल्या बजेट इंजिनात मोटर मधोमध असते, दोन्ही बोग्या ओढतात आणि आठही चाकं वीज घेतात.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. रुळात वीज बंद ठेवून इंजिन उलटं धरा आणि एकेक चाक बोटाने हलकेच फिरवून बघा. अजिबात हलत नसेल तर ते वर्म गिअरला (स्क्रूसारख्या, फक्त मोटरच्या बाजूने फिरणाऱ्या गिअरला) जोडलेलं आहे. जोर लावू नका, प्लास्टिकचे दाते तुटतात. अडखळत फिरत असेल तर साध्या गिअरवर आहे. मोकळं गरगरत असेल तर ते नुसतं वजन वाहतं. मग पुढच्या बोगीखाली कागदाची पट्टी सरकवा, मागची रुळावर ठेवा आणि वीज द्या. मोटर फिरली तर मागची बोगी दोन्ही रुळांतून वीज घेते. आता उलट करून बघा. दोन्ही वेळा मोटर गप्प राहिली तर श्रेणीचं नाव काहीही असो, यंत्रणा सेटमधलीच आहे.

"फ्लायव्हील (मोटरच्या आसावरचं, वीज तुटली तरी फिरत राहणारं जड चाक) आहे, सांधा पार करेल" हा युक्तिवादही सोडा. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे रांगत्या चालीत, जिथे गरज असते तिथेच ती जवळजवळ शून्य. त्यापेक्षा वीज घेणारी चार चाकं जास्त असलेली केव्हाही बरी.

बाकीचे फरक किरकोळ. दिवे नंतर लावता येतात, कठडे तारेचे करता येतात. तीन पोलांपेक्षा (पोल म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचे तारा गुंडाळलेले दांडे) पाच पोलांची मोटर संथ चालते, पण वीजच तुटत असेल तर पाच पोल काय करणार? डीसीसीचं (रुळातून संदेश पाठवून इंजिन चालवायच्या डिजिटल पद्धतीचं) आठ पिनांचं सॉकेट नसलं तरी अडत नाही, डिकोडरची (इंजिनात बसवायच्या, ते संदेश वाचणाऱ्या सर्किटची) लाल-काळी वायर रुळाला आणि नारिंगी-करडी मोटरला जोडायची. मात्र मोटरचं एखादं टोक सांगाड्याला टेकलेलं असेल तर आधी ते वेगळं करा, नाहीतर डिकोडर जळेल.

वापरलेलं इंजिन घेत असाल तर कान द्या. चाकाच्या दर फेऱ्याला एक ठक असा आवाज आला तर आसावरचा प्लास्टिक गिअर तडकलेला असू शकतो. तो सुटा मिळत नसेल, तर इंजिन दुरुस्तीसाठी नव्हे, सुट्या भागांसाठी घेत आहात असं धरून भाव करा.