शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ: युवा क्लबांची पार्श्वभूमी

घर आणि शाळा यांच्याखेरीज मुलांना स्वतःची वाटेल अशी तिसरी एखादी जागा हवी, हा विचार आज सहज पटतो. पण तो रुजायला कारखान्यांचे युग यावे लागले. शेती आणि घरगुती व्यवसाय यांवर जगणाऱ्या समाजात मुले मोठ्यांच्या कामातच लहानाची मोठी होत. एकोणिसाव्या शतकात औद्योगिक शहरे झपाट्याने वाढली, मुलांच्या कामाचे तास कायद्याने कमी होत गेले आणि इंग्लंडमध्ये १८८० साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेची हजेरी सक्तीची झाली. त्यामुळे मुलांना मोकळा वेळ मिळाला खरा, पण कामगार वस्तीतल्या दाटीच्या खोल्यांत तो घालवायला जागा नव्हती. संध्याकाळ रस्त्यावर जाऊ लागली, आणि युवा क्लबांचा आरंभ या गरजेतून झाला.

जॉर्ज विल्यम्स या कापड दुकानातील तरुण कर्मचाऱ्याने १८४४ मध्ये लंडनमध्ये सोबत्यांसह वायएमसीए (तरुण ख्रिस्ती पुरुषांची संघटना) स्थापन केली, पण ती संस्था कमावत्या तरुणांसाठी होती. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात १८६० मध्ये तीन स्त्रियांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी जो क्लब काढला, तो अमेरिकेतील बॉइज क्लब चळवळीचा प्रारंभ मानला जातो. मुलींकडे लक्ष वळायला थोडा अधिक काळ लागला. दिवसभर कारखान्यात किंवा शिवणकामाच्या खोलीत राबणाऱ्या मुलींसाठी मॉड स्टॅन्ली यांनी १८८० मध्ये लंडनच्या सोहो भागात क्लब उघडला, तर लिली मॉन्टेग्यू यांनी १८९३ मध्ये ज्यू कामगार मुलींसाठी तसाच क्लब सुरू केला. मुलींच्या क्लबांचा हा वाटा इतिहासात फार वेळा दोन ओळींत आटोपला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. कारण विरंगुळा, शिक्षण आणि कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीची जाण या गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे या क्लबांनी फार लवकर ओळखले होते.

त्याच सुमारास शिस्तीवर भर देणारा दुसरा प्रवाह उभा राहिला. ग्लासगोमधील विल्यम स्मिथ चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत असत आणि तिथली थोडी मोठी मुले कंटाळून हाताबाहेर जात. त्यांनी १८८३ मध्ये कवायत, खेळ आणि धर्मशिक्षण एकत्र करून बॉइज ब्रिगेड स्थापन केले. स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर भरवलेल्या प्रायोगिक शिबिरात श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले आणि कामगार घरांतली मुले एकत्र राहिली. या चालकांचे हेतू नेहमीच निर्मळ होते असे म्हणता येणार नाही, कारण गरिबांच्या मुलांना वळण लावावे, त्यांच्यातून साम्राज्याला उपयोगी नागरिक घडवावेत, ही इच्छा त्यांच्या लिखाणात उघड दिसते. तरीही ब्रिगेड असो वा क्लब, येण्याची सक्ती नसल्यामुळे कार्यक्रम मुलांना रुचेल असा ठेवावा लागे. तसा नसेल तर खोली रिकामी राही. माझ्या मते युवा क्लबाचे खरे मूल्य या एका गोष्टीत आहे: मूल तिथे आपण होऊन येते, आणि तिथे भेटणारा मोठा माणूस त्याचा पालक नसतो, शिक्षकही नसतो.

या तत्त्वाची परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. जर्मनीत नाझी राजवटीने इतर युवक संघटना बंद पाडल्या किंवा आपल्यात ओढल्या, १९३६ मध्ये कायदा करून सारी तरुण पिढी हिटलर युवक संघटनेखाली आणली आणि १९३९ मध्ये सदस्यत्वाची सक्ती प्रत्यक्ष अमलात आणली. ब्रिटनच्या शिक्षण मंडळाने त्याच १९३९ सालच्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढून तरुणांसाठीच्या कामाची जबाबदारी प्रथमच सरकारी शिक्षणव्यवस्थेकडे घेतली. पुढे १९४१ च्या अखेरीस सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींची नोंदणी सुरू झाली, त्यांच्या मुलाखती घेऊन क्लबात जाण्याचा आग्रहही केला गेला. पण युद्धाच्या ऐन धामधुमीतही सदस्यत्व ऐच्छिकच राहिले.

युद्धानंतर हे काम निधीअभावी मागे पडले. या कामाचा आढावा घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९५८ मध्ये नेमलेल्या आल्बेमार्ल समितीचा अहवाल १९६० मध्ये आला तेव्हा युद्धोत्तर काळात जन्मलेल्या मुलांची मोठी संख्या किशोरवयात येत होती आणि सक्तीची लष्करी सेवा संपत होती. एकत्र येणे, प्रशिक्षण आणि आव्हान ही तीन उद्दिष्टे समितीने मांडली, तरुणांना या कामातील भागीदार मानले आणि दहा वर्षांचा विकास कार्यक्रम सुचवला. त्यानंतर नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि लेस्टर येथे युवा कार्यकर्त्यांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले.

मात्र क्लब चालवणे ही स्थानिक संस्थांची काटेकोर कायदेशीर सक्ती कधीच झाली नाही, त्यामुळे २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत कात्री प्रथम इथेच लागली. लंडनमधील सुमारे ३० टक्के युवा क्लब २०१० ते २०१९ या काळात बंद झाले. त्यांचा परिणाम तपासणारा अभ्यास इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या ब्रिटिश आर्थिक संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. जवळचा क्लब बंद झालेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतील गुण घसरले, गरीब घरांतील मुलांचे अधिक घसरले, आणि किशोरवयीनांनी गुन्ह्यात सापडण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. क्लब बंद करून वाचवलेल्या प्रत्येक पाउंडामागे समाजावर सुमारे तीन पाउंडांचा भार पडला, असा या अभ्यासाचा हिशेब आहे.