एक किडनी दिली म्हणजे माणूस अर्धा होतो?

‘किडनी देणारा आयुष्यभर अधू राहतो, त्याला जड काम जमत नाही,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

एक किडनी काढल्यावर उरलेली किडनी आकाराने थोडी वाढते आणि जास्त काम उचलते. त्यामुळे एकूण क्षमता निम्म्यावर न राहता काही महिन्यांत पूर्वीच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत पोहोचते. रोजच्या जगण्याला तेवढी पुरते. १९५४ मध्ये बोस्टनला रोनाल्ड हेरिक यांनी जुळ्या भावाला किडनी दिली. किडनी प्रत्यारोपणाची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. त्यानंतर हेरिक एका किडनीवर ५६ वर्षं जगले.

पण ‘काहीच धोका नाही’ असं सांगणंही चूकच, आणि ते मला जास्त खटकतं. शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. पुढे रक्तदाब वाढण्याची आणि गरोदरपणात त्याचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. किडनी निकामी होण्याचा धोका कमी असला तरी शून्य नसतो. म्हणूनच आधी कसून तपासण्या होतात. नंतर दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला घटक) आणि लघवी तपासावी, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत दात्याला ‘नाही’ म्हणता येतं, हे घरच्यांनीही त्याला स्पष्ट सांगावं.